वासोट्याच्या रानातली गुडघाभर झाडं: मोठ्यांची पोरं की मुळातच बुटकी?

ठोसेघरी (धागाकर्ता)

मंडळी, नुकताच बामणोलीहून लाँचने वासोट्याला जाऊन आलो. मेट इंदवलीला वनखात्याची नोंद-तपासणी उरकून रानात शिरलं की पहिल्याच चढाला ऊन जवळजवळ बंद होतं. बाकीचे गडावर पोचायच्या घाईत, मी मागे (गुडघ्यांची मेहेरबानी), त्यामुळे खाली बघायला वेळ मिळाला.

अंजनी, जांभूळ, पिसा यांच्या खोडांमधून सगळीकडे गुडघ्याएवढी, फार तर कमरेएवढी झाडं. गवत नव्हे, वेलही नव्हेत, चक्क लाकडी खोडाची. त्यातल्या एकाला फिकट गुलाबी फळांचे घोस होते. फळ वाटाण्याहून जरा मोठं, आणि इतकं पारदर्शक की आतली बी दिसावी.

माझे प्रश्न दोन. ही मोठ्या झाडांची पोरं आहेत की मुळातच बुटकी? आणि मुळातच बुटकी असतील, तर रानातल्या सगळ्या बुटक्यांचं मिळून एखादं कुळ आहे का? बरोबरचा मित्र छातीठोकपणे सांगत होता की ऊन न मिळाल्यामुळे मोठी झाडंच पिढ्यानपिढ्या खुरटत गेली आणि ही जात तयार झाली. मला पटलं नाही, पण खोडूनही काढता आलं नाही.

चहा_अर्धा

आमच्या घरी सगळे सहा फुटी, मी एकटा सव्वापाच. उन्हात मी सगळ्यात जास्त हुंदडलोय. मित्राला सांगा, थिअरी बाद.

पाटणचे_आबा

कोयनेच्या रानात आमचं बालपण गेलं. खालच्या थरात तुम्ही कारवी कशी विसरला? आमच्याकडं घराच्या भिंती कारवीच्याच. काठ्या उभ्या लावायच्या, आडव्या कांबींना घट्ट बांधायच्या आणि दोन्ही अंगांनी शेणमातीचा गिलावा. कुडाची भिंत उन्हाळ्यात गार राहते, ते सिमेंटला जमत नाही.

कारवी सात वर्षांनी एकदाच फुलते, सगळी एका वेळी, आणि बी टाकून मरते. त्या वर्षी माश्या दुसरीकडं फिरकतच नाहीत, मध नुसता कारवीचा. आता सांगा, पुरुषभर वाढून एकदाच फुलून मरणाऱ्याला झाड म्हणायचं, झुडूप म्हणायचं का आणखी काही?

डोंगरउतार

आबा, सात की आठ? मुंबईच्या बाजूला २००८ ला फुलली आणि मग थेट २०१६ ला.

पाटणचे_आबा

आमच्या मोजणीत सात. मुंबईची कारवी लोकल चुकवत आसंल.

सोनकी

बरीच वर्षं कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवलं आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

रानात एखादं झाड बुटकं दिसतं त्याला तीन वेगवेगळी कारणं असू शकतात आणि सगळा घोळ ती एकत्र केल्याने होतो. पहिलं म्हणजे पोरं. मोठ्या झाडाचं बी सावलीत रुजतं, हातभर वाढतं आणि थांबतं. वर्षानुवर्षे तसंच. शेजारचं एखादं झाड कोसळून वर खिडकी उघडली की मग झपाट्याने वर जातं. बोर्निओच्या वर्षावनात अशा थांबलेल्या रोपांचा जमिनीवर अक्षरशः सडा असतो.

दुसरं, परिस्थितीने खुरटलेली. यासाठी लांब जायला नको, महाबळेश्वरच्या पठारावरची अंजनी बघा. वारा, जांभ्यावरची उथळ माती आणि पावसाचा मारा यांनी ती वाकडीतिकडी, ठेंगणी राहते. तिचंच भावंड खाली घळीत खोल मातीत ताठ उंच वाढतं. जात तीच.

तिसरी ती मुळातच बुटकी. त्यांना कितीही खतपाणी घाला, वरच्या छताला ती कधीच पोचणार नाहीत.

ओळखायची सोपी खूण म्हणजे फूल आणि फळ. गुडघ्याएवढं असताना जे फळलं ते पोर नाही, वयात आलेलं झाड आहे. तेव्हा तुमच्या गुलाबी फळवाल्यापुरतं पहिल्या प्रश्नाचं उत्तर तुम्हीच देऊन बसला आहात. बाकीच्यांबद्दल नुसतं बघून सांगता येणार नाही, त्यातली निम्मी अंजनीची पोरंही असतील.

निव्वळ_तर्क

ताई, पण दुसरं आणि तिसरं वेगळं कसं करणार? खुरटलेली अंजनीसुद्धा फळतेच की. आणि मित्राचं म्हणणं इतकं टाकाऊ का? सावलीत हजारो पिढ्या गेल्या, उंची घटली, यात चूक काय?

सोनकी

दुसरं आणि तिसरं वेगळं करायचं तर दोन्ही एका बागेत, एकाच मातीत लावायची. स्वीडनच्या ट्युरेसनने १९२२ च्या सुमारास हेच केलं. किनाऱ्यावरची, डोंगरावरची, मैदानातली एकाच जातीची रोपं आणून शेजारी शेजारी वाढवली. काहींची उंची सारखी झाली, म्हणजे फरक परिस्थितीचा होता. काही तिथेही ठेंगणीच राहिली, म्हणजे ते रक्तात उतरलेलं. एकाच जातीत दोन्ही प्रकार सापडतात, म्हणून नुसत्या नजरेने निकाल देऊ नये.

आता तुमच्या मित्राचं. खुरटणं पुढच्या पिढीत उतरत नाही. काश्मीरच्या थंडीत कुडकुडणाऱ्या माणसाला अंगभर केस असलेलं मूल होत नाही. घडतं ते वेगळंच. घनदाट रानात वरच्या पानांवर पडणाऱ्या उजेडातला शंभरातला एखाद-दुसरा भागच जमिनीपर्यंत पोचतो. एवढ्या पगारात तीसमजली इमारत बांधायला घेतली तर पायातच पैसे संपतात. उंच खोड, ते पेलणारी मुळं, पाणी वर चढवायचा खर्च, आणि एवढं करूनही खिडकी उघडेलच याची हमी नाही. अशा जागी जे झाड लवकर थांबलं आणि उरलेली मिळकत थेट फुलाफळांत घालू शकलं त्याचं बी जास्त पडलं. थांबण्याचा गुण ज्याच्यात आधीपासून थोडाफार होता त्याची प्रजा वाढली. मित्र म्हणतो उपासमारीने बुटकं झालं. मी म्हणते, आधीच बुटकं राहण्याकडे कल असलेल्यांना तिथली उपासमार परवडली.

निव्वळ_तर्क

हे पटलं. तरी "उंच झाडांपासून बुटकी झाली" हे तर दोन्हीकडे समानच राहिलं की.

पर्णिका

इथेच मला थांबवायचं आहे. (वाचनमात्र होते, राहवलं नाही. सध्या पीएचडी चालू आहे, विषय जवळचाच.)

दिशा नेहमी मोठ्याकडून लहानाकडे नसते. न्यू कॅलेडोनिया बेटांवर अँबोरेला नावाचं एक झाड आहे. १९९९ साली जनुकांवरून कळलं की फुलझाडांच्या वंशवृक्षात सगळ्यात आधी फुटलेल्या फांदीवरचं आज उरलेलं हे एकमेव झाड. बाकीची सगळी फुलझाडं, म्हणजे गहू, गुलाब, वड, सगळी दुसऱ्या बाजूला. आणि हे राहतं कुठे? रानाच्या सावलीत, खालच्या थरात. झुडूपच आहे, फार तर छोटं झाड. अशा जुन्या फांद्यांवरच्या वनस्पतींची पानं आणि खोडं तपासून २००४ च्या सुमारास काही अभ्यासकांनी मांडलं की पहिली फुलझाडं अंधाऱ्या, ओल्या, सारखी पडझड होणाऱ्या जागी वाढणारी झुडपं असावीत. सगळ्यांना मान्य नाही, पण "आधी उंच, मग बुटकी" हे गृहीत धरता येत नाही एवढं नक्की.

नेचे तर उलटंच सांगतात. ते फुलझाडांच्या फार आधीचे. पण आजच्या बहुतेक जाती फुलझाडांची रानं माजल्यावर, त्यांच्या सावलीत फुटल्या. मंद उजेड ओळखायला त्यांच्याकडे निओक्रोम नावाचं एक प्रथिन आहे, लाल आणि निळा दोन्ही उजेड टिपणारं. २०१४ मध्ये निघालं की त्याचं जनुक त्यांना आईबापांकडून आलेलंच नाही, ते हॉर्नवर्ट नावाच्या शेवाळवर्गीय वनस्पतीकडून उचललेलं आहे!

चहा_अर्धा

म्हणजे कॉपी करून पास झाले.

पर्णिका

आणि पहिला नंबर काढला.

आष्टेकर

आम्ही हळदवाले, सांगलीकर. २०१८ ला आमच्या हळदीला जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालं हे इथं नोंदवून ठेवतो (अवांतर, पण अभिमान आहे). माझा प्रश्न: हळदीला अर्धवट सावली चालते, रानहळद तर पावसाळ्यात झाडाखालीच दिसते. मग हळद पण तुमच्या बुटक्यांत धरायची का?

सोनकी

धरायची, पण तिची तऱ्हा वेगळी. आपल्याकडे सह्याद्रीत पाऊस चार महिने, पुढे सात-आठ महिने कोरडे. केरळच्या टोकाला हाच कोरडा काळ तीन-चार महिन्यांवर येतो. तिथल्या रानात बुटकी झाडं बारा महिने पानं धरून जमिनीवर बसू शकतात. आपल्याकडे बऱ्याच जणांनी वेगळीच वाट काढली, उन्हाळाभर सगळा पसारा जमिनीखाली. रानहळद, शेवळं, सापकांदा सगळे त्यातलेच.

तुमच्या शेतातली हळद स्वतः रानात कुठेच सापडत नाही. तिला सुपीक बी धरत नाही, ती माणसाने गड्ड्यावरच टिकवली. तिची रानातली भाऊबंदकी मात्र मोठी आहे.

दाजीपूरचा_गवा

हेच मी लिहायला आलो होतो. धाग्याच्या गप्पा वर्षावनाच्या चालल्यात आणि वासोट्याचं रान काही वर्षावन नाही. निमसदाहरित म्हणा, म्हणजे काही झाडं कोरड्या दिवसांत पानं गाळणारी. खरं वर्षावन बघायचं तर कर्नाटकात आगुंबेला जा, त्याहून खाली केरळात सायलेंट व्हॅलीला.

ठोसेघरी

गवादादा, बाडबिस्तारा घेऊन आगुंबेला निघालो तर बायको मला जमिनीखाली घालेल. त्यापेक्षा वासोटा बरा.

सोनकी

सापकांद्याचं नाव काढलंच आहे तर एक गंमत. पावसाळ्यात कासच्या वाटेवर, झाडीच्या कडेला दिसतो. जमिनीतून एक दांडा, वर पानाची छत्री आणि शेजारी वाकलेलं टोपण असलेलं फूल. ते टोपण बोटाने हळूच उचलून आत बघा (तोडू नका). लहान, अशक्त झाडात आत फक्त नर फुलं असतात. तोच गड्डा दोन-चार वर्षं पोसला, जाडजूड झाला की मादी फुलं धरतो, कारण फळ पोसायला खर्च येतो. एखादं वर्ष वाईट गेलं तर पुन्हा नर. उंची आणि ऐपत बघून लिंग ठरतं. सावलीतला हिशेब इतका काटेकोर असतो.

बाल्कनीवाली

विश्रामबागेत तिसरा मजला, उत्तरेची बाल्कनी, ऊन औषधाला नाही. गुलाब मेले, मोगरा मेला. टिकलंय ते फक्त अॅग्लोनिमा, कॅलेथिया, स्पॅथिफायलम आणि ते छोटं पाम. आता लक्षात आलं, ही सगळी रानातल्या सावलीतली बुटकीच ना?

पर्णिका

अगदी बरोबर! ते छोटं पाम चामेडोरिया असेल. मेक्सिको-ग्वाटेमालाच्या रानात मोठ्या झाडांखाली वाढतं, शंभरेक जाती आहेत आणि बऱ्याचशा माणसाच्या उंचीपर्यंतही जात नाहीत. अॅग्लोनिमा आग्नेय आशियातल्या रानांतली. हॉलच्या कोपऱ्यातला उजेड त्यांना घरच्यासारखाच. आफ्रिकन व्हायोलेट टांझानिया-केनियाच्या डोंगरी रानातली. मात्र तिचं सेंटपॉलिया हे नाव २०१५ मध्ये गेलं, आता स्ट्रेप्टोकार्पस. आणि तुमच्या कॅलेथियातल्या बऱ्याचशा २०१२ पासून गोएपर्टिया आहेत.

बाल्कनीवाली

नर्सरीवाल्याला गोएपर्टिया मागितलं तर तो मला हाकलून देईल. ही नावं बदलायचा उद्योग कशासाठी? आमच्या पिढीने पाठ केलेलं सगळं वाया.

पर्णिका

ताई, त्रास कळतो, पण धाग्यातल्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर ह्याच उद्योगात आहे.

आधी वर्गीकरण बऱ्याच अंशी रूपावर चालायचं. रूप म्हटलं की उंची, खोड, सवय हे सगळं नजरेत भरतं. पण उंची हा फार फसवा गुण, ती वंशात चटकन बदलते. आबांची कारवीच घ्या. ब्रेमेकॅम्पने १९४४ साली तिच्या स्ट्रोबिलँथिस या मोठ्या प्रजातीचे (म्हणजे जवळच्या जातींच्या गटाचे) पन्नासहून जास्त तुकडे केले, कारवीला स्वतंत्र कार्व्हिया नाव मिळालं. मराठी पुस्तकांत ते अजून छापतात. पुढच्या अभ्यासकांनी बहुतेक तुकडे परत स्ट्रोबिलँथिसमध्ये आणून ठेवले. आता रानात सावलीत पुरुषभर वाढणारी कारवी, कासच्या उघड्या पठारावरची घुमटासारखी बुटकी टोपली कारवी आणि केरळ-तमिळनाडूत बारा वर्षांनी फुलणारी नीलकुरिंजी (२००६, मग २०१८) ही सख्खी-चुलत भावंडं. यातली टोपली कारवी सगळ्यात ठेंगणी आणि ती सावलीत राहतही नाही!

मग बुटक्यांचं एक कुळ? नाही. कॉफीच्या कुळात बघा. कॉफी म्हणजे इथिओपियाच्या डोंगरी रानातलं सावलीतलं झुडूप, आपल्या रानातली लोखंडी तिच्याच कुळातली, आणि उंच वाढणारा कदंबही त्याच कुळातला. बुटकेपणा कित्येक कुळांनी आपापला वेगळा कमावला. तो व्यवसाय आहे, आडनाव नव्हे.

निव्वळ_तर्क

आवळा आणि भुईआवळा यांचं उदाहरण चपखल बसेल. एक झाड, एक वीतभर.

आष्टेकर

भुईआवळा कसला सावलीतला? माझ्या उसाच्या बांधावर रणरणत्या उन्हात माजतो. खुरपून खुरपून पाठ गेली.

निव्वळ_तर्क

सावलीसाठी नव्हे, कुळासाठी दिलं उदाहरण. पण मान्य, तो तणांतला बुटका.

मात्र पर्णिकाताई, उंचीने वर्गवारी अगदीच निरर्थक म्हणता का? रानात काम करणाऱ्याला "खालचा थर" म्हटलं की चटकन कळतं. आडनावं पाठ करून काय कळणार?

सोनकी

निरर्थक नाही. डेन्मार्कच्या राउंकियेरने गेल्या शतकाच्या सुरुवातीला तीच वर्गवारी करून ठेवली आहे. पुढच्या मोसमात फुटणारे डोळे जमिनीपासून किती उंच आहेत, एवढंच बघायचं. पाव ते दोन मीटरमधली एका गटात, दोन ते आठ दुसऱ्या, आठ ते तीस तिसऱ्या, त्यावरची चौथ्या. पाव मीटरच्या आतली वेगळी, आणि डोळे जमिनीखाली नेणारी आणखी वेगळी, त्यात हळद नि सापकांदा. कोणतं रान कसं आहे हे या गटांच्या प्रमाणावरून कळतं. फक्त त्यावरून कोण कुणाचा भाऊ हे काढायला जाऊ नये. दोन प्रश्न आहेत, दोन वह्या ठेवा.

कुंडीबहाद्दर

मस्त चर्चा. वासोट्यावरून असली दोन-तीन रोपं आणता येतील का हो? आधीच बुटकी आहेत, बोन्सायला छाटणीची कटकट नाही.

दाजीपूरचा_गवा

कोयना अभयारण्य आहे ते. काडीलासुद्धा हात लावायचा नाही. २०१२ पासून जागतिक वारसा यादीत कास, कोयना, चांदोली आणि आमचं राधानगरी, चारही आहेत. मेट इंदवलीला परतताना पिशव्या उघडून बघतात, शोभा होईल.

सोनकी

शिवाय उपटून आणलेली जगतीलच असं नाही. रानातल्या मुळांना बुरशीची साथ असते, ती कुंडीत मिळेलच असं नाही. आणि यातल्या कित्येक जाती जगात एवढ्याशाच पट्ट्यात आहेत.

पर्णिका

त्यालाही कारण आहे. बुटक्यांचं बी वाऱ्याने लांब जात नाही. पक्षी, मुंग्या नेतील तेवढंच. दोन घळींमध्ये उघडा सडा (कातळाचं पठार) आला की ये-जा तुटते आणि हळूहळू जाती वेगळ्या होतात. दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज पर्वताच्या बाबतीत वनस्पतिशास्त्रज्ञ आल्विन जेंट्रीने १९८२ मध्ये हेच निरीक्षण मांडलं होतं. उंच झाडं आणि मोठ्या वेली यांचं वैविध्य अॅमेझॉनच्या मैदानात जास्त, तर झुडपं, खालच्या थरातली छोटी पामं आणि झाडांवर वाढणाऱ्या वनस्पती अँडीजच्या पायथ्याच्या घळीघळींतून भराभर फुटल्या.

सोनकी

ठोसेघरी, त्या गुलाबी फळवाल्याचं राहिलंच. माझा अंदाज आहे, पण खात्रीसाठी पान लागेल. तोडू नका. झाडाखाली गळालेलं एखादं पान सापडलं तर उजेडासमोर धरा आणि मग चुरडून वास घ्या.

ठोसेघरी

पुन्हा वासोट्याला जाणं झालं नाही. पण आमच्या आजोळी परळी खोऱ्यात देवराई आहे, तिथे सावलीत हुबेहूब तेच झाड सापडलं. हेसुद्धा कमरेपर्यंतच, गुलाबी फळांसकट. खाली पडलेलं हिरवट पान आभाळाकडे धरलं तर पानभर सुईच्या टोकाएवढे उजळ ठिपके, शिरांच्या मधल्या जागेत. चुरडलं तर लिंबाच्या पानाच्या जवळ जाणारा वास, पण जरा कडवट. पाचपाच पानांची संयुक्त पानं, काही ठिकाणी तीनच.

सोनकी

किरमिरा. शास्त्रीय नाव ग्लायकॉस्मिस. ते ठिपके म्हणजे तेलाच्या ग्रंथी, लिंबाच्या कुळाची सही. त्याच कुळात बेल, कवठ, संत्रं. आणि त्याची अगदी जवळची नातलग म्हणजे आपला कढीपत्ता.

चहा_अर्धा

म्हणजे रानात फोडणीची सोय आहे.

सोनकी

फोडणीत घालू नका!

पाटणचे_आबा

किरमिरा व्हय! मग तसं सांगायचं की. आमच्याकडं त्याच्या काडीनं दात घासायचे. फळं पण खायचो लहानपणी, तुरट-गोड लागतात, खाण्यापेक्षा थुंकणंच जास्त.

ठोसेघरी

सगळ्यांचे आभार. मित्राला धाग्याचा दुवा पाठवला. त्याने पूर्ण वाचला म्हणतो, आणि आता त्याची नवी थिअरी आहे की कढीपत्ता हा पिढ्यानपिढ्या भरपूर ऊन मिळून उंच झालेला किरमिरा आहे.

निव्वळ_तर्क

त्याला इथे सदस्य करून घ्या. मी एकटा किती भांडू?